जुलमी, बिचारी आणि मधली जाळी

२ मार्च, शनिवार. संध्याकाळ.
घरात दोन जर्बिल आल्या. उंदराहून थोड्या मोठ्या, खारीहून लहान, शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका. हे लिहून ठेवतो, कारण सकाळपर्यंत मलाही माहीत नव्हतं.
कारण: माझं भाषण. माझ्या वक्तृत्व वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात ‘मुक्या जिवांना घर द्या’ या विषयावर बावीस मिनिटं बोललो. शेवटी टेबलावर मूठ आपटून विचारलं, आहे का या सभागृहात एक तरी माणूस? प्राण्यांच्या निवाऱ्याच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या चालू असतानाच त्यांनी माझ्यापुढे फॉर्म आणि पेन ठेवलं. चाळीस डोकी बघत होती. सही केली. झोकदार आली.
अटी: काचेच्या पेटीत मधोमध तारेची जाळी. एका बाजूला करडी, दुसऱ्या बाजूला तपकिरी. दोघी माद्या. अनोळखी माद्या एकमेकींचा जीव घेतात, म्हणून रोज त्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे एकीचा वास दुसरीच्या अंगवळणी पडतो. चौदा दिवस जाळी काढायची नाही. उघडा हात घालायचा नाही. शेपटीला धरायचं नाही. या दोघी ज्या घरातून सोडवल्या, तिथे वेगवेगळ्या पिंजऱ्यांत चाळीस प्राणी कोंडलेले सापडले, त्यात नरही होते, तेव्हा एखादी गाभण असू शकेल. पंचवीस दिवसांत कळेल.
आणि दर शनिवारी रिपोर्ट. करडी चावरी आहे. निवाऱ्यात तिघांना चावली. तिला तीन आठवड्यांची मुदत, शेवटची. २३ तारखेला बाई येणार. माझ्या रिपोर्टवर ठरणार, तिला घर की इंजेक्शन.
मी विचारलं, कसलं इंजेक्शन? बाई म्हणाल्या, त्यानंतर दुसरं लागत नाही असलं.
ही (माझी बायको, नर्स) वॉर्डातून घरी आली. पेटी बघितली, फॉर्म वाचला. म्हणाली, एवढ्या सभागृहात माणूस एकच निघाला का?
एका जिवाचं भवितव्य माझ्या लेखणीत आहे. असली जबाबदारी योग्य माणसाकडेच येते.

३ मार्च.
दिवसभर निरीक्षण. करडी जाळीवर धडका मारते, तार चावते. मधूनच मागचे दोन्ही पाय जमिनीवर धडधड आपटते. तपकिरी कोपऱ्यात अंग चोरून बसते. चित्र स्पष्ट आहे. जगात दोनच पक्ष असतात. बळी तो कान पिळी, आणि ज्याचा कान पिळला जातो तो. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या बाजूने उभा राहिलो.
नावं ठेवली. करडी: जुलमी. तपकिरी: बिचारी.
ही त्यांना करडी आणि तपकिरीच म्हणणार म्हणे. पाय आपटणं ऐकून म्हणाली, चला, घरात आता टेबल आपटणारे दोन झाले.

५ मार्च, मंगळवार.
चौदा दिवस! हे कोणी ठरवलं? हिंसा ही जाळीची पैदास आहे. भिंत असते म्हणून पलीकडे शत्रू असतो. भिंत काढा, शत्रू उरत नाही. हे मी तीस वर्षं व्यासपीठावरून सांगतोय आणि माझ्याच घरात जाळी!
दुपारी ४.१०. जाळी काढली. दोन वाक्यं बोललो. ऐतिहासिक प्रसंग होता.
४.११. दोघी एकमेकींकडे गेल्या. हुंगलं. संवाद सुरू.
४.११ आणि थोडे सेकंद. संवाद संपला. दोघींचा मिळून एक गोळा झाला आणि तो पेटीभर घरंगळायला लागला. काचेवर रक्ताचे ठिपके. आवाज फार नाही, हेच भयंकर. मी ‘थांबा!’ म्हणून ओरडलो. सभा थांबते या आवाजाला.
हात घातला. उघडा. ग्लोव्ह शोधायला वेळ कुठे होता? (ग्लोव्ह पेटीवरच होता.) अंगठ्याच्या मागच्या पेरात दात रुतले, हाडाला लागले. जुलमीचे. मी हात झटकला, ती सुटेना. दुसऱ्या हाताने शेपटी धरली आणि ओढली. ती सुटली. शेपटीचा झुबका, कातडीसकट, माझ्या चिमटीत राहिला. ती पडद्यावर आपटून खाली पडली. लगेच उठली आणि परत मागचे पाय आपटायला लागली.
ग्लोव्हने उचलून पेटीत ठेवली, जाळी परत बसवली. बिचारीचा कान फाटलाय. मला तीन टाके पडले.
निष्कर्ष: जाळी काढण्यात चूक नव्हती. जाळी आधी लावण्यात होती. मनं तिथेच बिघडली.

९ मार्च, शनिवार.
पहिला रिपोर्ट लिहिला. आठ पानं. शेपटीबद्दल: ‘चकमकीत शेपटीचे टोक गळून पडले.’ खोटं काही नाही. गळून पडलंच, माझ्या हातातून.
पाकीट बंद करून हिच्याकडे दिलं. निवारा हिच्या हॉस्पिटलच्या वाटेवर आहे. ही म्हणाली, आठ पानं? फॉर्मवर चार ओळींची जागा आहे. मी म्हटलं, चार ओळींत अन्याय मावत नाही.

१० मार्च, रविवार.
मेव्हणा जेवायला आला. याचं मटणाचं दुकान. हा माणूस ग्लोव्ह घालून पेटीत हात ठेवतो काय आणि जुलमी त्या हातावर चढून बसते काय! पाच मिनिटं बसली. डोळे अर्धे मिटले. समानशीलांची मैत्री, दुसरं काय.
मी तसं बोलून दाखवलं. मेव्हणा म्हणाला, दाजी, मी रोज सुरी चालवतो, पण हात बघून घालतो. तुम्ही सुरीला हात लावत नाही, पण हात आंधळा घालता.
खाटकाने मला अहिंसा शिकवावी! मी ताट उलटं केलं. म्हणजे ते माझ्या हाताला लागून उलटलं. आमटी भिंतीपर्यंत गेली. त्याची कॉलर धरली. तो जेवत होता, त्याने घास तोंडात घालून मग माझा हात सोडवला, लहान मुलाचा सोडवतात तसा. म्हणाला, ताई, दाजींना आणखी भात वाढ, भूक लागलीय त्यांना.
भिंत मीच पुसली. शांतताप्रिय माणसाला घरात काय काय सोसावं लागतं.
संकल्प: मेव्हण्याशी सहा महिने बोलायचं नाही.

१२ मार्च.
मोठी बातमी. बिचारी गाभण आहे! पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय, चालताना जमिनीला घासतं. मला पहिल्या दिवशीच शंका होती. सोसणाऱ्यांच्याच वाट्याला हे येतं.
लगेच आहार वाढवला. सूर्यफुलाच्या बिया, रोज दोन मुठी. (बाई म्हणाल्या होत्या दिवसाला चार-पाच बिया. मुठी की बिया, हे नीट ऐकू आलं नव्हतं असं धरू.) जागांची अदलाबदल बंद. जाळी सरकवून तीन चतुर्थांश जागा बिचारीला. जुलमीला उरलेली.
ही म्हणाली, अहो, तपकिरी नुसती खाऊन सुटलीय. करडीकडे बघा. करडी गाभण वाटते मला. सारखी घरटं करते, कोणाला जवळ येऊ देत नाही.
हसलो. ही प्रसूती वॉर्डात बावीस वर्षं आहे, पण माणसांच्या. प्राण्यांचं शास्त्र वेगळं. शिवाय करडीचं पोट कुठे दिसतं? जुलूम करणाऱ्याला पोट नसतं, फक्त दात असतात. (वाक्य चांगलं आहे. पुढच्या व्याख्यानात.)

१४ मार्च.
जुलमीची साठेबाजी उघडकीला आली. पेटीत टाकलेले सगळे कागद तिने कोपऱ्यात ओढून फाडून फाडून ढीग केलाय आणि त्यात दडून बसते. तिकडे होणारी आई नुसत्या भुशावर!
सगळा ढीग जप्त केला, बिचारीला दिला. बिचारी त्यावर बसून बिया खात राहिली. संध्याकाळी बघतो तर जुलमीकडे नवा ढीग. कागद आले कुठून? पुन्हा जप्त.

१५ मार्च, शुक्रवार.
तिसरी जप्ती. ग्लोव्ह घातला होता, पण ती ग्लोव्हच्या वर मनगटाला चावली. रक्ताची धार टेबलाखाली गेली.
मग काय झालं ते प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या हातात जाडजूड ग्रंथ होता, जगातल्या गाजलेल्या भाषणांचा, बाराशे पानी. तो मी डोक्याच्या वर उचलला. ती कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती. पळाली नाही. पाय आपटत होती. माझ्या तोंडातून जे शब्द निघाले ते त्या ग्रंथात नाहीत.
ही दारात उभी होती, ड्युटीच्या कपड्यांतच. आवाज न चढवता म्हणाली, पुस्तक खाली ठेवा.
ठेवलं. खाली ठेवणारच होतो, फक्त कुठे ते ठरत नव्हतं.
हिने मनगट धुऊन पट्टी बांधली. म्हणाली, एवढ्याशा जिवावर एवढा ग्रंथ? काय घेतलं तिने तुमचं? मी सांगितलं, प्रश्न माझा नाही, न्यायाचा आहे. ती म्हणाली, न्यायाचा असला की तुमचा हात असाच वर जातो.
बायकांना तत्त्व आणि राग यातला फरक कळत नाही.

१६ मार्च, शनिवार.
दुसरा रिपोर्ट. अकरा पानं. माझ्या लेखनातलं सर्वोत्तम. शेवटचा परिच्छेद उतरवून ठेवतो: ‘दया ही दुबळ्यांसाठी राखून ठेवायची गोष्ट आहे. जुलमी प्रवृत्तीवर दया म्हणजे बिचाऱ्यांवर क्रौर्य. सबब अंतिम निर्णय घेण्यात यावा, आणि तो २३ तारखेलाच घेण्यात यावा.’
सही झोकदार आली, मनगट दुखत असूनही.
पाकीट हिच्याकडे दिलं. हिने पाकिटाचं वजन केल्यासारखं हातावर तोललं आणि पर्समध्ये टाकलं. पटलं असावं.

१८ मार्च.
जुलमीकडे पुन्हा घरटं, आधीच्या दुप्पट. जाड, पांढरा कागद. घरात कागद देतं कोण? हिला विचारलं. ही म्हणाली, रद्दी खूप साठली होती.
जप्त करणार होतो. मनगट ठणकलं. उद्या.

२० मार्च.
बिचारीला आता उठता येत नाही. झोपूनच खाते. प्रसूती कधीही. मी खुर्ची पेटीपाशी हलवली. जुलमी घरट्याबाहेर येत नाही. शेवटचे तीन दिवस. पश्चात्ताप करत असेल.

२१ मार्च, गुरुवार.
सकाळी ६.४०. ही सहाच्या शिफ्टला गेली. पेटीतून बारीक चिरचिर. पिल्लं! पाच. शेंगदाण्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेले. जुलमीच्या घरट्यात.
६.४५. शांतपणे विचार केला. गाभण बिचारी होती. पिल्लं जुलमीकडे आहेत. म्हणजे अपहरण. जाळीच्या खाली बोटभर फट आहे. पुरावा भक्कम.
६.५०. बिचारीचं पोट तेवढंच दिसतं. मूल गेल्याच्या धक्क्याने सुजलं असेल.
६.५५. ग्लोव्ह घालून सुटका सुरू केली. दोन पिल्लं उचलली. जुलमी ग्लोव्हला लटकली. झटकली, भुशात आपटली. उठून पुन्हा आली. पुन्हा झटकली. तिसऱ्यांदा आली तेव्हा नाकातून रक्त येत होतं. इतका हलकटपणा मी पाहिला नाही.
७.००. दोन्ही पिल्लं आईच्या स्वाधीन. बिचारीने एकाला हुंगलं. आईचा पहिला मुका. माझे डोळे भरून आले.
७.०१. मुका नव्हता.
७.०१. तिने डोकं खाल्लं. सूर्यफुलाची बी धरते तसंच, पुढच्या दोन पायांत धरून.
मग दुसरं पिल्लू ओढून घेतलं आणि हातात धरून राहिलो. कोणाचं ते कळेना. कळत होतं.
वॉर्डात फोन केला. हिला बोलावून घ्यायला वेळ लागला, कोणीतरी बाळंत होत होती. दोन पिल्लं बिचारीकडे दिली, एक तिने खाल्लं, एक माझ्या हातात, एवढं सांगून मी सुरुवात केली की आज पहाटे एक अत्यंत… हिने तिथेच तोडलं. म्हणाली, पिल्लू जिवंत आहे? ग्लोव्ह करडीच्या भुशात घासा, तुमचा वास जाऊ दे. पिल्लू तिच्या घरट्याच्या तोंडाशी ठेवा. फटीला पुठ्ठा लावा. मग खुर्चीत बसा. आणि बोलू नका.
तसंच केलं, त्याच क्रमाने. पिल्लू ठेवलं. वाटलं, आता हीसुद्धा. ती आली. हुंगलं. चाटलं, सगळीकडून, फार वेळ. मग मानेला धरून पोटाखाली ओढलं. माझ्याकडे बघून पाय आपटले.
पुठ्ठा लावला. बसलो. बोललो नाही.

२१ मार्च, संध्याकाळ.
ही आली. जे उरलं होतं ते चिमट्याने उचलून कापसात गुंडाळलं. विचारलं, किती होती? पाच. ही म्हणाली, बावीस वर्षांत आमच्या वॉर्डात आईजवळचं मूल दुसरीच्या कुशीत गेलं नाही. आम्ही तिथं भाषणं करत नाही, म्हणून. आधी बघतो.
यावर माझ्याकडे उत्तर होतं. निदान सुरुवात होती.
मग आठवलं. रिपोर्ट. ‘अंतिम निर्णय घेण्यात यावा.’ परवा २३. चार पिल्लं दूध पिताहेत आणि त्यांच्या आईच्या जिवावर माझी झोकदार सही.

२२ मार्च, शुक्रवार.
निवारा उघडायच्या आधी दारात. वाटेत निवेदन तयार केलं होतं: प्रस्तावना, चुकीची कबुली, कबुलीची कारणं, कारणांची पार्श्वभूमी. बाई कुलूप काढत असतानाच म्हणालो, माझे रिपोर्ट मागे घ्यायचेत, तिला मारू नका.
बाई म्हणाल्या, कोणाला?
मी म्हटलं, करडीला. मी लिहिलंय तसं.
बाईंनी फाईल काढली. दोन फॉर्म. हिचं अक्षर. पहिल्यावर: ‘जाळी काढली गेली. करडी आणि तपकिरी दोघी जखमी, एक माणूस जखमी. करडी चावली कारण भांडणात उघडा हात घातला. शेपटी ओढल्याने टोक तुटलं. पुन्हा होणार नाही याची काळजी घेते.’ दुसऱ्यावर: ‘करडी नक्की गाभण. तपकिरी जास्त खाण्याने सुटलेली. घरटं तीनदा काढलं गेलं, पुन्हा कागद दिला. करडीत दोष नाही.’
बाई म्हणाल्या, गाभण होती म्हणून आम्ही इंजेक्शन तेव्हाच रद्द केलं. घेऊनही जाणार होतो, पण अशा वेळी जागा बदलली तर आई पिल्लं टाकते. तुमच्या मिसेस म्हणाल्या, मी बघते. मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, जाळी काढणारा माणूस तुम्हीच का? अगं बाई. मला वाटलं, पाहुण्यांचं एखादं पोर असेल.
मी विचारलं, आणि माझे रिपोर्ट? एकोणीस पानं? बाई म्हणाल्या, कसले?
घरी येऊन पेटीजवळ वाकलो. पहिल्यांदाच नीट बघितलं. घरट्याचा कागद जाड, पांढरा, निळ्या शाईचा. अक्षर माझं. एका पट्टीवर ‘जुलमी प्रवृ’, दुसरीवर ‘दया ही दुब’. ‘अंतिम’ हा शब्द पूर्ण होता, त्यावर एक पिल्लू पालथं झोपलं होतं.
हिला विचारलं, असं का केलंस? ही म्हणाली, तुम्हाला सांगितलं होतं एकदा, करडीकडे बघा. तुम्ही हसलात. आणि बाळंतिणीला कागद मऊ लागतो. तुमचे रिपोर्ट लांबलचक असतात म्हणून बरं.

२३ मार्च, शनिवार.
बाई येऊन गेल्या. बिचारीला, म्हणजे तपकिरीला, घेऊन गेल्या. तिला पथ्यावर ठेवणार. तिला उचलताना बाईंना दोन हात लागले. करडी आणि पिल्लं आमच्याकडे. नवा फॉर्म भरला. सांभाळणाऱ्याचं नाव: हिचं. घरातील इतर व्यक्ती: पती. त्यापुढे बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं: देखरेखीखाली.
मेव्हणा आला होता, पिल्लं बघायला. सहा महिने झाले नव्हते, तरी बोललो. भात वाढू का, एवढंच.

१२ एप्रिल, शुक्रवार.
पिल्लांचे डोळे उघडले. करडीच्या शेपटीचा झुबका येणार नाही, डॉक्टर म्हणाले. ते कातडं पुन्हा येत नसतं.
उद्या माझं वार्षिक व्याख्यान होतं. विषय ‘अहिंसा’. वीस पानं तयार होती, त्यात माझ्याबद्दल एकही ओळ नव्हती. वर्गाला कळवलं, घसा बसलाय. घसा उत्तम आहे.
सगळी वीस पानं पेटीशी आणली. ही शेजारी उभी राहिली, देखरेखीला. ग्लोव्ह घातला, वास घासून काढला, पहिलं पान आत धरलं. करडीने आधी ग्लोव्ह चावला, मग कागद घेतला. आता तिसऱ्या पानावर आहे. माझं भाषण इतक्या बारकाईने आजवर कोणी घेतलं नव्हतं.
पिल्लं मोजली. चार. रोज मोजतो. चारच असतात.